नव्या घराला नऊ घड्याळं

आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात नऊ घड्याळं आहेत आणि नऊच्या नऊ माझ्यामुळे आहेत.

घर तसं माझं नाही. मावशीचं आणि काकांचं. मी यवतमाळकडचा. नववीत शाळा सोडली (तासाची घंटा झाली की मी कुंपणावरून पळ काढायचो) आणि मायनं मला इतक्या लांब तिच्या बहिणीकडे पाठवलं. चार वर्षं झाली, पण मावशीनं 'किती दिवस राहणार?' असं एकदाही विचारलं नाही. (याचीच जास्त भीती वाटते. विचारलं असतं तर उत्तर तरी तयार ठेवलं असतं!)

दिवसा मी चादरीच्या दुकानात पार्सलं बांधतो. तिथल्याच एकानं शिकवलं की ऑनलाइन कंपनीच्या वस्तूची लिंक लोकांना पाठवायची, त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की आपल्याला कमिशन. लिंकच्या शेपटाला आपला नंबर असतो, त्यावरून कंपनी आपल्याला ओळखते. मी खातं उघडलं, मायला फोन करून 'धंदा सुरू केला' असं सांगून टाकलं, आणि पाच महिन्यांत एक चमचासुद्धा विकला नाही. सहाव्या महिन्यात कंपनीची मेल आली. महिनाअखेरपर्यंत तीन विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद! आता मायला काय सांगू?

नेमका त्याच महिन्यात काकांचा गृहप्रवेश निघाला. महापालिकेत अख्खी नोकरी करून घेतलेला फ्लॅट! नातेवाईकांचे फोन सुरू झाले, "काय आणू?" काका पडले भिडस्त. "काय नको, तुमी या फक्त!" मी म्हटलं, "काका, मी दहा वस्तू निवडतो. प्रत्येकाला एकेका वस्तूची लिंक पाठवू."

"म्हंजे एकच वस्तू दोनदा यायची न्हाय?"

"अजिबात नाही, काका!"

(हे वाक्य मावशी अजूनही आल्यागेल्याला ऐकवते.)

आहेराचं मी बोलणं बरं दिसत नाही, म्हणून लिंका काकांच्या फोनवर दिल्या. तासाभरात काका खूश होऊन आले.

"सांगोल्याला इस्त्रीची पाठवली. पण काय रे, एकेक लिंक हातभर लांब! मी मागचं शेपूट कापलं. तरी उघडतीय की!"

"काका, शेपटातच मी होतो!"

"व्हय? मग पुढं राहायचं की!"

इस्त्री गेली. उरले नऊजण. आता हयगय नको म्हणून मी बंदोबस्त केला. लिंका आखूड करून देणारी एक साइट असते. शेपूट आत दडवून टाकते, कापायला काही शिल्लकच ठेवत नाही! मिक्सर, कुकर, पाण्याचा जार, टोल्यांचं घड्याळ, सगळ्यांच्या चिमुकल्या लिंका तयार झाल्या. दिसायला सगळ्या सारख्याच, पाच-सहा अक्षरांची खिचडी. काकांनी पुन्हा साफसफाई करू नये म्हणून मी स्वतःच दुकानात एका हातानं सुतळी ओढत नऊजणांना त्या पाठवल्या. सोबत नव्या घराचा पत्ता. शिवाय प्रत्येकाला फोन, "त्याच लिंकवरून घ्या बरं का! दुसरं काही बघत बसू नका!" अक्कलकोटच्या मामींना तर तीनदा.

"घेतलं की रे बाबा! लई झकास हाय. तू सांगितलंस म्हणून घेतलं, नायतर माज्या मनात कुकर होता."

मी ती स्तुती समजलो.

खात्यावर नऊ विक्र्या दिसल्या! वस्तूंची नावं खाली बारीक इंग्रजीत होती. मी आकडा बघितला, डोळे पुसले आणि फोन खिशात टाकला.

गुरुवारी पहिलं खोकं आलं. घड्याळ. शुक्रवारी दोन आली. घड्याळं! शनिवारी उरलेली सहा खोकी उतरवताना डिलिव्हरीवाला म्हणाला, "दुकान टाकताय व्हय?" मी घाईघाईनं फोन उघडला. एकदा कॉपी केलेली घड्याळाचीच लिंक मी नऊ ठिकाणी चिकटवली होती.

"काका, आठ परत पाठवतो!"

"आहेर परत?" काका ताडकन उठले. "उद्या जो तो येऊन बघणार, माजं कुटं लावलंय. एकाचं लावलं आणि आठांचं न्हाय लावलं, तर आठ घरं तुटतील माजी!"

मावशी म्हणाली, "मग लावा सगळी. भिंत हाय, खिळे हायत, आणि हे पोरगं हायच की."

तर दुसऱ्या दिवशी हॉलच्या एकाच भिंतीवर नऊ घड्याळं, आणि ती सगळी चालू! सेकंदसुद्धा जुळवायचा मी प्रयत्न केला, पण माणसाला हात दोनच.

पाहुणे पांढऱ्या कपड्यांत बसले. भंतेजींनी वंदना सुरू केली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले, घर अगदी शांत झालं, आणि अकरा वाजले.

पहिल्या घड्याळानं टण् केलं. लगेच दुसऱ्यानं. मग तिसऱ्यानं आणि चौथ्यानं एकमेकांच्या अंगावरच. प्रत्येकाचे अकरा, असे नऊ जणांचे नव्याण्णव टोले! मिटल्या डोळ्यांनी प्रत्येक पाहुणा आपापलं ओळखत होता. "हे आमचं!" मामी कुजबुजल्या. शेवटी शांत झालं. भंतेजींनी एक डोळा उघडला.

"झालं? का कुणाचं राहिलंय?"

काका हात जोडून म्हणाले, "एक मागं हाय, भंतेजी."

टण्!

संध्याकाळी कंपनीची मेल आली. नऊही वस्तू खातेदाराच्याच पत्त्यावर गेल्या आहेत. स्वतःची आणि घरच्यांची खरेदी विक्रीत धरत नाहीत. सबब खातं बंद. (नव्या घराच्या आनंदात खात्यावरचा पत्ता मी आधीच बदलून ठेवला होता. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही!)

मी तोंड पाडून बसलो. मावशीनं खिरीची वाटी हातात दिली.

"कंपनीनं काय लिवलंय?"

"मी याच घरचा आहे म्हणून."

"मग खोटं काय लिवलंय त्यात?" ती म्हणाली. "ती मागची खोली तुजी. सामान लाव."

पाहुणे गेल्यावर काकांनी दोन घड्याळं हॉलमध्ये ठेवली आणि सात माझ्या खोलीत आणून टांगली. मी उपकाराखाली इतका दबलेलो, की कोणत्या तोंडानं नको म्हणणार?

परवा मायचा फोन आला. धंद्याचं कसं सांगावं म्हणून मी चाचरत होतो, तेवढ्यात पाच वाजले.

"काय वाजून रायलं रे तिकडं? पुन्हा शाळेत जाऊन बसला का काय?"

"नाही माय," मी म्हटलं, "या खेपेला शाळाच माझ्याकडे राहायला आली."