आप्पांच्या गाडीचे जादा दिवे

आप्पा रिसाल्यातून निवृत्त झाले, घोडा सुटला, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की आता ते ओसरीवर बसून पान खातील. त्यांनी एक जुनी मोटार आणली. कापडी टपाची, कॉफीच्या कुठल्याशा मळेवाल्याने वापरून टाकलेली. ती सुरू होताना खोकायची आणि थांबतानाही खोकायची. आप्पा तिला घोड्यासारखीच वागवत. सकाळी स्वतः पुसत, फेरीवरून आल्यावर तिच्यावर लगेच कापड टाकू देत नसत. आधी तिला जरा दम खाऊ द्यायचा. खंडेनवमीला आमच्याकडे तलवारीनंतर घोड्याची पूजा व्हायची. त्या जागी आता मोटार उभी राहिली, आणि आईने हळदकुंकू वाहून तिच्यापुढे भिजवलेल्या हरभऱ्यांची पाटी ठेवली. मी हसलो, तर आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने आरती म्हणू लागलो.

मग एका सोमवारी नंजनगूडच्या देवळातून म्हैसूरला परतताना, दिवेलागणीच्या वेळी, त्यांनी मोटार थेट रस्त्याकडेच्या गवताच्या गाडीत घातली. बैल सोडलेले होते, गाडीवान ओढ्यावर हात धूत होता, त्यामुळे कोणाला काही झालं नाही. आप्पा घरी आले ते फेट्यापासून बॉनेटपर्यंत गवत माळून. मला हसू आवरेना. आई हसली नाही. तिने त्यांच्या खांद्यावरची एक काडी उचलली आणि म्हणाली, "ह्या वेळी गवत होतं. पुढच्या वेळी माणूस असेल."

तिने त्यांना दिवेलागणीनंतर चाक धरायला मनाई केली. आप्पा कोणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते, पण आईचं ऐकत. आणि संध्याकाळची फेरी म्हणजे तर त्यांचा जीव होता. ऊन उतरलं की ते बेचैन व्हायचे, कोट चढवायचे, दोनदा घड्याळ बघायचे. ती फेरी गेली तर आपण म्हातारे झालो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून त्यांनी सगळा दोष दिव्यांवर घातला. आपले डोळे अजून शाबूत आहेत, मोटारीचेच फुटलेत, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. मोटारीच्या मूळ दोन दिव्यांची आतली चकाकी काळवंडली होती. मी तेव्हा पंचविशीचा, विजेच्या कामातला, दर दसऱ्याला रोषणाईच्या माळा बांधून हात तयार झालेला. पुढे दोन जादा दिवे लावून देतो, रस्त्यावरची मुंगीसुद्धा दिसेल, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं. आईने अट घातली. दिवे बसवून झाल्यावर तिघांनी नंजनगूडच्या वाटेवरच्या कडकोळपर्यंत जायचं, आणि वाटेत समोर जे येईल ते आप्पांनी आमच्या आधी ओळखायचं. जमलं तर फेरी चालू, नाही तर बंद.

देवराज मोहल्ल्यातल्या एका दुकानातून मी पितळेचे दोन दिवे उचलून आणले. लोहाराकडून लोखंडी पट्ट्या करून घेतल्या आणि दिवे पुढच्या मडगार्डांच्या मध्ये आडव्या दांडीवर बसवले. वायरीला वरून सुताची नळी चढवली, इंजिनाच्या तापापासून लांब नेली, खटका आप्पांच्या हाताशी ठेवला. काम इतकं देखणं झालं की मी शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. तिन्हीसांजेला खटका दाबला. दोन्ही दिवे उदबत्तीच्या टोकांएवढे लाल झाले आणि तसेच राहिले.

शेजारी खोकून घरी गेले. मला धरणी दुभंगावी असं झालं. आणि आप्पा? आप्पांचा चेहरा असा खुलला, जणू त्यांना पेन्शन वाढून मिळाली असावी.

"बघा की," ते आईला म्हणाले, "नव्या दिव्यांतही जीव नाही. सुम्ने, उगाच माझ्या डोळ्यांवर आळ घेतला सगळ्यांनी."

त्या रात्री ते एक भाकरी जास्त जेवले. मी मात्र वायरी पुन्हा पुन्हा तपासत होतो. बॅटरी ठणठणीत, जोड घट्ट, दिवे नवेकोरे. माझ्या नाकावर तेव्हा राग कायम बसलेला असे. मी पक्कड आपटली तेव्हा आई बाहेर आली आणि नक्की अडलंय कुठे ते विचारू लागली. मी तिला चिडूनच समजावलं, की वीज बॅटरीतून निघते, ह्या दिव्यात शिरते, तिथून त्या दिव्यात जाते.

"म्हणजे ह्याच्या उष्ट्यावर त्याचं पोट?" आई म्हणाली. "दोघांना वेगळं वाढ की रे."

मी पायरीवर मटकन बसलो. रोषणाईच्या माळेत आम्ही दिवे एकामागून एक ओवतो, कारण शहरातली वीज तगडी, तिचा जोर सगळ्या दिव्यांत वाटला तरच ते जळत नाहीत. माझ्या हाताला तीच खोड लागलेली. बॅटरीचा जोर मुळात एका दिव्यापुरता, तो मी दोघांत अर्धा अर्धा वाटून दोघांनाही उपाशी ठेवलं होतं. इतक्या वर्षांचा कारागीर मी, आणि चूक काढली ती चुलीपुढच्या बाईने. मला राग आला आणि मी हसलोही. सकाळी प्रत्येक दिव्याला खटक्यापासून वेगळी वायर दिली, म्हणजे दोघांनाही बॅटरीचा पुरा जोर मिळेल, आणि दिव्याचं दुसरं टोक गाडीच्या लोखंडाला आवळलं. खटका दाबला तर भर दिवसा समोरची भिंत उजळली. आप्पांनी ते पाहिलं आणि 'बरं झालंय' एवढंच म्हणाले. मला त्यांच्या तुटकपणाचा रागच आला.

संध्याकाळी निघालो. उजेड होता तोवर आप्पा रंगात होते. बैलगाडी, सायकल, डोक्यावर टोपली घेतलेली बाई, सगळं ते मोठ्याने पुकारत गेले. मग अंधारलं, त्यांनी खटका दाबला आणि रस्ता लांबवर पांढरा झाला. दोन्ही कडांची झाडं, चाकोऱ्यांत साचलेली धूळसुद्धा मला स्पष्ट दिसत होती. आप्पांनी "म्हैस" म्हणून पुकारलं. तो मैलाचा दगड होता. मी हसलो, तेही हसले.  पुढे ते चाकावर पार ओणवे झाले.

पुढच्या वळणानंतर रस्त्याच्या मधोमध एक धनगर चालत होता, घोंगडी पांघरलेला. मी वाट पाहिली. आप्पा आता पुकारतील, आता पुकारतील. मोटार तशीच चालली होती. शेवटी मीच ओरडलो. ब्रेक करकचून लागला. धनगर चार हातांच्या अंतरावर, झगझगीत उजेडात, डोळ्यांवर आडवा हात धरून उभा होता. त्याने आम्हाला कानडीत दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि तो बाजूला झाला.

इंजिन घरघरत होतं. आई मागे बसली होती.

"घोंगडी काळी होती, आप्पा," मी म्हणालो. "कोणालाही दिसली नसती."

"तुला कुठून दिसली?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण त्यांच्यापुढे मला कधी खोटं बोलताच आलं नाही. मी मागच्या चिंचेकडे बोट दाखवलं. ती बरीच मागे राहिली होती.

आप्पांनी मान हलवली. खाली उतरले, मोटारीच्या पुढे गेले आणि माझ्या दिव्यांच्या उजेडात उभे राहून रस्त्याकडे बघत राहिले. मग माझ्या बाजूचं दार उघडून मला पलीकडे सरकायला सांगितलं. मी आयुष्यात चाकाला हात लावला नव्हता, त्यांनी लावूच दिला नव्हता. आई मागून म्हणाली की मग ती चालतच म्हैसूरला येते. आप्पा खो खो हसले, आणि नव्या शिलेदाराला दटावावं तसं मला क्लच आणि गिअर शिकवू लागले. तीनदा इंजिन बंद पडलं. चौथ्यांदा मोटार गचके खात निघाली.

"दिवे फक्कड केलेस," थोड्या वेळाने ते म्हणाले. "मंद होते तोवर माझं बरं चाललं होतं बघ."

 आईने मागून हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. माझ्यादेखत असं तिने कधीच केलं नव्हतं. मी रस्त्यावरची नजर काढली नाही, आणि घरी पोहोचेपर्यंत तो हात तिथेच होता.