ब्लॉकचं भविष्य बघायला लातूरला

लातूरला लोक लेकरांना क्लास लावायला जातात. मी चक्क सिमेंटचे ब्लॉक बघायला गेले. हसा खुशाल! माझी मावसबहीण संगीताताई तिथं बांधकामाचे ब्लॉक बनवते. ब्लॉक पुढं किती मजबूत होणार, हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम तिच्या लेकीनं, प्राजक्तानं बनवलाय म्हणे. मला काही खरं वाटेना, म्हटलं जाऊनच बघावं.

नांदेडहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, मग स्वतःच्या गाडीचा हट्ट कशाला? अहमदपूरच्या स्टँडवर चहा आणि गरम भजी खाऊन घ्या, पुढं पोट कुरकुरत नाही. लातुरात शिरलं की जिकडं बघावं तिकडं क्लासचे फलक, मेस आणि नवी उठणारी होस्टेलं. ताईचा धंदा का चालतो ते रिक्षातच कळलं.

कारखाना औसा रोडला. ताईनं आधी ताटली भरून भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणीची सुशीला खायला घातली, मग प्राजक्तानं कॉम्प्युटर उघडला. एरवी ब्लॉकची खरी ताकद महिनाभरानं, दाबून फोडल्यावरच कळते. या पोरीनं जुन्या ब्लॉकच्या नोंदी मशीनला शिकवल्या: वाळू किती ओली होती, पाणी किती पडलं, हवा कशी होती आणि शेवटी ब्लॉक किती दाबाला फुटला. आता नवा माल साच्यातून निघाला की मशीन त्याच दिवशी अंदाज सांगतं. अबब! मी बघतच राहिले.

तेवढ्यात ठेकेदार ट्रक घेऊन आला. एका होस्टेलच्या भिंतींचा माल न्यायचा होता, ताईची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. आणि नेमका तोच माल स्क्रीनवर लाल, म्हणजे कच्चा निघणार! अवकाळी पावसानं वाळू भिजली होती.

"ताई, कॉम्प्युटरला काय कळतंय? बघा की, कसा टणक हाय ब्लॉक!" ठेकेदार म्हणाला.

"आमचं घर बी दिसायला टणकच व्हतं," ताई म्हणाली.

त्र्याण्णवच्या भूकंपात ताईचं दगडमातीचं घर झोपेतच अंगावर आलं होतं. ताई ढिगाऱ्यातून निघाली, मावशी निघाली नाही.

"हा माल देत न्हाई मी. थोडं थांबा, नवा करून देते."

"थांबायला येळ कुणाला हाय? दुसरीकडनं घेतो."

ट्रक रिकामाच गेला. प्राजक्ता रडकुंडीला आली. "मम्मी, अंदाजच आहे गं तो. चुकू पण शकतो."

"चुकू दे," ताई म्हणाली आणि तिनं आम्हाला जेवायला वाढलं.

नांदेडला परतल्यावर शेजारणीला मशीनचं कौतुक सांगून सांगून माझं तोंड दुखलं. पण मनात धाकधूक होतीच, अंदाज चुकला असला तर ताईची ऑर्डर फुकट गेली. महिन्यानं तिचा फोन आला.

"आज फोडून बघितला गं तो ब्लॉक. दाब जरासा वाढवला तर भुगाच झाला."

"आणि ऑर्डर?"

"ती गेली ती गेलीच."

मग ताई हुंदके देऊन रडायला लागली. मला वाटलं, ऑर्डरसाठीच.

"या वक्ताला आधी कळलं गं," ती म्हणाली. "या वक्ताला आधी कळलं."