पाटीलबाईंचं वाचन कसं थांबलं

“बाई, असं नाही लिहिलेलं इथे. नीट बघा.”

हे मी बोललो. सोळा जणांसमोर. रेवदंड्याजवळच्या एका वृद्धाश्रमात. ग्रंथपालाच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर मी तिथे दर मंगळवारी वाचनाचा तास घ्यायचो.

पाटीलबाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्यांना डिमेन्शिया होता, म्हणजे स्मृतिभ्रंश. अशा माणसाला अक्षरं बरेच दिवस ओळखता येतात, पण ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत तिची सुरुवात निसटते. बाई पहिली ओळ पुस्तकातली वाचायच्या. पुढे त्यांचं स्वतःचंच सुरू व्हायचं. खाडी, होडी, भिजलेली दप्तरं. नजर मात्र पानावर. मासेमारी सोडलेले धर्माकाका पुढे सरकून विचारायचे, “मंग होरी लागली काय बंदराला?”

“थांब रे धर्मा, पान तर उलटू दे!”

स्वयंसेवकांच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला बजावलं होतं, चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. मी ते वर्षभर पाळलं.

त्या मंगळवारी देणगीदार पाहुणे आले होते. मॅनेजर मॅडम आधीच म्हणाल्या, “काका, जरा प्रोग्रेस दिसू दे हं.” पुस्तक झाडांवरचं होतं. पहिल्या ओळीनंतर बाई नेहमीसारख्या आपल्या होडीत शिरल्या. एक पाहुणा माझ्या खांद्यावरून पानात डोकावला आणि हसला. नोंद चुकली की लाल पेन उचलण्यात माझा जन्म गेलेला. ते वाक्य तोंडातून गेलं.

बाईंनी पानावर बोट ठेवलं. एक शब्द वाचला. “बरोबर?” दुसरा वाचला. “बरोबर?” पाचव्या शब्दाला पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

“मला वाचता येत नाही, गुरुजी.”

पुढे मी मोठ्या टायपाची पुस्तकं नेली. माफी मागितली. माझं नाव, तो दिवस, त्यांना काहीच आठवत नव्हतं. पण पुस्तक दिसलं की हात पदराखाली जायचे.

“तू कशाला बोललास?” धर्माकाका म्हणाले. “आमाला चालत होता ना!”

बाई त्यानंतर आठ महिने होत्या. एकही ओळ वाचली नाही.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, ‘आजार वाढल्यामुळे वाचन बंद.’ मॅडमनी सही केली. ते खोटं आहे. आजार होता तेवढाच होता. वाचन मी बंद पाडलं.

हे काम करणाऱ्यांना एवढंच सांगतो. विसरणारा माणूस प्रसंग विसरतो, लाज विसरत नाही. वाचनाच्या तासाला पाहुणे आले तर त्यांना चहा बाहेरच द्या.