डावीकडची जागा

काल जेवताना मांजरानं माझ्या ताटातली भाकरी पळवली. ते डावीकडून आलं, आणि ते मला दिसलंच नाही. तिथं माझी बायको बसायची, मांजराला हाकलायची. ती गेल्यापासून ती बाजू मला काळी वाटते. दुःखानं होत असेल म्हणून मी कुणाला बोललो नव्हतो.

आज डोळे दाखवायला गेलो, तर डॉक्टरीणबाईंनी मशीनपुढं बसवलं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याला मी बटण फारसं दाबलंच नाही.

"बाबा, हा काचबिंदू. डोळ्यातल्या दाबानं नस सुकलीय. उजव्यातही सुरुवात आहे. आधी लेझर करू. दाब नाही उतरला, तर ऑपरेशन करून आतल्या पाण्याला वाट काढून देऊ."

"मग डावीकडचं दिसेल?"

"गेलेलं येत नाही. उरलेलं राखायचं."

"गेलेलं येत नाही, हे मला ठाऊक आहे बाई. उरलेलं राहील का, ते सांगा."

"दाब उतरला तर राहील."

लेझर परवा आहे. आज मी पाट फिरवून जेवायला बसलो. तिची जागा आता समोर आहे.