न मारलेले मासे

रत्नप्रभा वझे चंदीगडात मासे तपासायच्या, आणि तरीही उभ्या जन्मात त्यांनी एकही मासा मारला नव्हता. ही गोष्ट त्या कुणी न विचारताही सांगत. सेक्टर बावीसमधल्या त्यांच्या भाड्याच्या खोल्यांत हळदीकुंकवाला बायका जमल्या, की कुणीतरी नाक मुरडायचंच, "अगं बाई, मिरजेच्या वझ्यांची सून आणि मासे चिरता?" बाई लगेच म्हणायच्या, "चिरते हो, पण मारत नाही. आपोआप मेलेलेच चिरते." मग "किती मऊ मन तुमचं!" असा गजर व्हायचा आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

नवरा चंद्रकांत केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात. त्याची बदली इथं झाली आणि बाईंची प्राणिशास्त्राची पदवी, इतकी वर्षं ट्रंकेत पडलेली, एकदाची कामाला आली. मत्स्यशेतीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत त्यांना नोकरी लागली. तळ्यांत सोडायची रोहू-कतल्याची पिल्लं तिथं तपासायला यायची. कल्ल्यांत किंवा अंगावरच्या बुळबुळीत थरात डोळ्यांना न दिसणारे परजीवी आहेत का, असले तर कुठल्या जातीचे, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचं. बाईंची नजर मोठी पक्की. बाकीच्यांनी पुस्तक उघडेपर्यंत यांनी जात सांगून टाकलेली असायची.

पद्धत अशी होती, की पिल्लू जिवंत घ्यायचं, डोक्यामागे सुरीचं टोक दाबून क्षणात मारायचं आणि लगेच थर खरवडून काचपट्टीवर घ्यायचा. 'लगेच' हा शब्द शिकवणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितला होता. बाईंनी तो ऐकला आणि सोयीस्करपणे विसरून टाकला. त्या पिल्लं कोरड्या बशीत काढायच्या, वर ओलं फडकं टाकायच्या आणि डबा खायला जायच्या. परत येईपर्यंत पिल्लं आपली आपण मेलेली असायची. आता तडफडून, गुदमरून मरणं यात दया कसली, ते देव जाणे! पण सुरी बाईंच्या हातात नव्हती ना, झालं तर मग.

शहात्तरच्या श्रावणात डेराबस्सीकडून गुरनाम कौर आल्या. नवरा गेलेला, गावाची दोन तळी भाडेपट्ट्यानं घेतलेली, दोन्हींत मासे चांगले वाढलेले. त्यांत नवी पिल्लं सोडायची होती. आजारी पिल्लं गेली तर घरच्या माशांनाही लागण होईल, एवढं त्या जाणून होत्या. "बीबी, तू देख ले," त्या म्हणाल्या. "तू साफ म्हणालीस तरच सोडीन."

सोमवार होता, बाईंचा उपास. उपासाच्या दिवशी हत्या? छे, काहीतरीच! बाईंनी फडकं टाकलं, साबुदाण्याची खिचडी खाल्ली, सावकाश येऊन मेलेली पिल्लं तपासली. काचेवर काही नाही. "एकदम साफ आहेत, सोडा," असं त्यांनी हसून सांगितलं.

गोकुळाष्टमी उलटली आणि गुरनाम कौर दुधाच्या कॅनमध्ये एक मासा घेऊन प्रयोगशाळेच्या दारात उभ्या. एका तळ्यातले मासे पोट वर करून काठाला लागले होते, अगदी सगळे. दुसऱ्यातले आता पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. तोंडचं पाणी पळालेलं, तरी बाईंना दोषाचा एक शब्द बोलल्या नाहीत. "माझंच चुकलं. शेणखत जास्त पडलं, पाणी नासलं. आता दुसरं तळं कसं वाचवू, तेवढं सांग."

खोटं कशाला बोला, हे ऐकून बाईंचा जीव आधी भांड्यात पडला. पाणीच नासलं असेल! चुना टाका म्हणून सांगायला त्यांनी तोंडही उघडलं. तेवढ्यात कॅनमधला मासा उलटला आणि त्याच्या अंगावर परजीवी लागल्यावर येते तशी निळसर साय त्यांना दिसली. त्या चपापल्या. चुना सांगावा आणि उरलेलं तळंही मरावं?

मासा जिवंत होता. बाईंनी सुरी घेतली, डोळे मिटले, परत उघडले आणि टोक दाबलं. थर खरवडून काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तर बशीसारखे गोल जीव, आत दातेरी कडं, भोवऱ्यासारखे गरगर फिरताहेत. ट्रायकोडायना! जागा म्हणून रिकामी नव्हती. मासा तसाच टेबलावर पडू दिला आणि बऱ्याच वेळानं पुन्हा खरवडला. आता एखाददुसराच, तोही निपचित. मासा मेला, की हे त्याला सोडून जातात. हे तर त्यांनी शिकताना वाचलेलं होतं!

"पाणी नासलेलं नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "ही कीड आहे. मासे जाळ्यानं काढा, मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा. वाचतील."

गुरनाम कौर सूक्ष्मदर्शकातून बघत राहिल्या. मग मान वर करून साधेपणानं म्हणाल्या, "मागच्या खेपेलाही पिल्लं तू अशीच मारून बघितली होतीस ना? तेव्हा नव्हती ही कीड?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? बाईंची मान खाली गेली. "मारली नव्हती. ती मरायची वाट बघितली मी. माझ्यानं मारवत नाही."

गुरनाम कौरनी कॅनचं झाकण लावलं.

"तुम्ही लोकांनी सांगितलं होतं, पिल्लं जिवंतच आणा," त्या म्हणाल्या. "मी बसमध्ये सबंध वाट कॅनमध्ये हात घालून पाणी ढवळत आले, बीबी. एकही मरू दिलं नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं बाईंना. हिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं. गुरनाम कौरनी कॅन उचलली, दारापर्यंत गेल्या आणि मागे न बघता विचारलं, "मीठ किती घालू?"