वरवंट्याचा हँडब्रेक

आमच्या गाडीला हँडब्रेक नव्हता. मी हुते.

पेठ वडगावात आमचं घर उतारावर. नव्वदनंतर कवातरी मालकांनी (म्हंजे आमच्या ह्यांनी) एक जुनी पांढरी गाडी आणली. हँडब्रेक आदीच मेलेला, पायातला ब्रेक त्याच्या मनात आलं तर लागायचा. मिस्त्री म्हणला, नवा बसवा. मालक म्हणले, कशाला, ही हाय की घरात.

गाडी गिअरमधी उभी ऱ्हायची. चालू करायची तर न्यूट्रल करायला लागायची, आन न्यूट्रल केली की उताराला सुटायची. म्हणून आदी मागच्या चाकाखाली दगुड लावायचा. साधं दगड सरकायचं, तवा मालकांनी माझा पाट्यावरचा वरवंटा धरला. आत बसून ते इचारायचं, "हाय का?" मी मागनं वरडायची, "हाय." मगच न्यूट्रल, मगच चावी. धूर माझ्या नाकात, टायरची माती सगळ्यांच्या चटणीत. सांगायचं कुणाला?

अशात आमच्या सुनीताला बघायला आजऱ्याचं पावणं आलं. पोरगं, त्याची आई आन बाप. पोरगं सुनीताच्या मनात भरलेलं. ती बोलली न्हाय, पर त्या दिवशी तिच्या भाकरी गोल झाल्या (जल्मात पयल्यांदा!). आदीची दोन ठिकाणं मोडलेली, त्यामुळं माझा जीव टांगणीला. मटण वरपून झालं, तरी पावणं नुस्तंच म्हणत्यात, घरी जाऊन कळवतो. मालकांनी हट्ट धरला, स्टँडवर गाडीनंच सोडणार.

पावणं गाडीत बसलं. मी खिडकीपाशी. पोराच्या आईनं इचारलं, "घरची म्हस हाय का?"

"हाय की," मी म्हणले.

म्होरनं मालकांनी बी तवाच "हाय का?" केलतं. ते मला ऐकू आलं न्हाय, माझं 'हाय' मातूर त्यास्नी बराबर पोचलं. आन वरवंटा कुठं? आत पाट्यावर, मटणाच्या वाटणात लोळत!

गाडी पावण्यांस्नी घिऊन उलटी निघाली. मी आत पळाले, वरवंटा उचलला आन गाडीकडं धावले. गाडी मागं चाललेली, म्हणून पावण्यांची तोंडं माझ्याकडंच. पदर सुटलेला, हात लालभडक, डोक्यावर वरवंटा उगारलेला, अशी मी त्यास्नी काचंतनं दिसले.

गाडी उकिरड्यात रुतून थांबली. पोराचा बाप उतरला. एक पाय शेणात, दोनी हात जोडलेलं.

"बाई, पोरगी पसंत हाय. तेवढा वरवंटा खाली ठेवा."

आतनं त्याची बायकू म्हणली, "आन आंदणात ही गाडी दिऊ नगा."

लगीन झालं. सुनीता सुखात हाय. गाडी भंगारात गेली, वरवंटा अजून चालतोय.

आता लेकाच्या गाडीला सगळं हाय. पर कुणी "हाय का?" म्हणलं की मला आदी वाकून चाकाखाली बघावं वाटतंय, आन गुडघं तर वाकत न्हाईत. म्हणून मी सरळ न्हाय म्हणून टाकते. परवा सून म्हणली, "आत्या, भूक हाय का?"

न्हाय म्हणलं. उपाशी झोपले. पर गाडी जाग्यावर ऱ्हायली.