काशीरामाची चिरणी

काशीराम घाडीगावकर या गवंड्याची आणि माझी पहिली भेट झाली ती १९६४ साली, कांदिवलीच्या एका कारखान्याच्या शेडमध्ये. मी कंत्राटदाराचा नवाकोरा सुपरवायझर. ताज्या काँक्रीटच्या कडेला बूट घालून ऐटीत उभा होतो. गुडघ्याखाली फळी घेऊन बसलेल्या एका चाळिशीच्या माणसानं मान वर न करताच मला सांगितलं, "सायबानूं, पाय मागे घेवा. ह्यां अजून ओलां आसा." मी पाय मागे घेतला. पुढच्या दहा वर्षांत त्यानं मला जे जे सांगितलं, त्यातलं एवढंच मी लगेच ऐकलं.

त्याच्या हातात एक हत्यार होतं. वीतभर लांबीची पितळेची जाड पट्टी, दोन्ही टोकं होडीसारखी वर वळलेली, वर बाभळीची मूठ आणि खाली मधोमध इंचभर उंचीचं पातं. तो तिला चिरणी म्हणायचा. हा शब्द मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकला नाही, आणि ती वस्तू दुकानातही कधी पाहिली नाही. विमानतळाकडच्या एका कामावर कुणा गोऱ्या इंजिनिअरकडे त्यानं असलं हत्यार पाहिलं होतं. तिथल्या तिथे गोणपाटावर कोळशानं त्याचा आकार काढला, आणि अंधेरीच्या एका ओताऱ्याच्या डोक्यावर बसून पितळेत ओतून घेतलं. पितळच का, असं मी विचारलं तर म्हणाला, "लोखंडाक गंज चढता. गंजलेला पाता खडी ओरबाडता."

तेव्हा आमच्याकडचे बाकीचे गवंडी ओल्या सिमेंटवर सुतळी ताणून, ती टणकन सोडून चौकोन उठवत. दिसायला झकास. पण ती रेघ वरवरची. काँक्रीट वाळताना आकसतं आणि आकसताना कुठंतरी फाटतंच. सुतळीच्या रेघेला ते विचारत नाही. काशीराम खरी चीर पाडायचा. चार इंच जाडीच्या लादीला इंचभर खोल, दर दहा फुटांवर. तडकायचंच असेल तर त्या चिरेच्या तळाशी गुपचूप तडकावं, असा त्याचा हिशेब. वेळ साधणं हे खरं अवघड. घाई केली तर चिरेचे काठ परत आत मिटतात, उशीर केला तर खडी उखडून येते. काशीराम अंगठा टेकवून बघायचा. अंगठा रुतला तर विडी ओढत बसायचा. नुसता ठसा उमटला की विडी टाकून उठायचा. मधली अर्धी विडी किती वेळा वाया गेली असेल कोण जाणे.

मालवणाकडचा माणूस. कांदिवलीच्या चाळीत भाऊ बळवंत गिरणीकामगार, त्याच्या बिऱ्हाडात दाराशी याची वळकटी. बायको मथुरा दोन मुलींना घेऊन गावी. वर्षातून गणपती आणि शिमगा एवढाच त्यांचा संसार. तो चारचौघांसारखा कुढत बसायचा नाही, पण त्याला एक गोष्ट हवी होती आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. आमच्या कंत्राटदाराचं कांजूरमार्गला गोदाम होतं. हेड मिस्तरी होईल त्याला गोदामाच्या आवारात पत्र्याची एक खोली मिळे. म्हातारे हेड मिस्तरी वर्षा-दोन वर्षांत निघणार होते. खोली मिळाली की मथुरेला आणायची. तो त्या खोलीत एकदा जाऊन, चूल कुठल्या कोपऱ्यात बसेल तेही बघून आला होता.

१९६६ साली दिवाळीनंतर आम्हाला वेसाव्याचं काम मिळालं. तिथल्या मच्छीमार सोसायटीला जवळा सुकवायला सिमेंटचं खळं हवं होतं. तोवर बायका वाळूत शेण सारवून त्यावर जवळा पसरत, आणि खाणाऱ्याच्या दाताखाली वाळू येई. खळं मोठं होतं, म्हणून दोन भागांत करायचं ठरलं. आधी दर्याकडचा भाग, मग गावाकडचा.

दर्याकडच्या भागात सकाळी काँक्रीट पडलं. दुपारी काशीरामानं अंगठा टेकवला, विडी टाकली आणि फळी लावून पहिली चीर जेमतेम हातभर ओढली, तोच पुतळाबाई आली. हरेश्वर नाखव्याची बायको, बायकांची पुढारी; बाजारात तिनं भाव सांगितला की गिऱ्हाईक उगाच घासाघीस करत नसे. तिनं कमरेवर हात ठेवून चिरेकडे बघितलं.

"मिस्तरी, ह्ये काय करतस?"

"चीर पाडतंय."

"ही रेघ नको आमाला. जवला बारीक. रेघेन बसंल, कुजंल, किडं पडतील. मंग बाजारान कोन घेल?"

"बाये, मी रेघ मारूक नाय तर लादी आपणाच मारतली," काशीराम म्हणाला. "आणि ती सरळ मारूची नाय."

पाच मिनिटांत तीस बायका जमल्या. केरसुण्या हातात होत्याच. एकीनं मूठभर जवळा आणून त्या हातभर चिरेवर टाकला आणि झाडून दाखवला. अर्धा चिरेतच राहिला. खरं सांगायचं तर दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि बरोबर असलेल्या दोन बाजूंच्या मध्ये उभं राहण्यासाठी मला नेमलेलं होतं. सोसायटीचे चेअरमन लांबून माझ्याकडे बघत होते. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

"मिस्तरी, चिरणी ठेवा," मी म्हणालो. "ती चीर बुजवा आणि नुसता हात फिरवून गुळगुळीत करा."

त्यानं गुडघ्यावर बसूनच चिरणी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "सायबानूं, तुमी सांगतास म्हणान करतंय. ध्यानात ठेवा."

"ठेवतो," मी म्हणालो. काशीरामानं चिरणी धुतली, धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि लादी आरशासारखी करून दिली. बायका खूश झाल्या. पुतळाबाईनं आम्हाला तळलेले बोंबील खाऊ घातले, आणि ते मी चवीनं खाल्ले.

पाच आठवड्यांनी लादी तडकली. एका कोपऱ्यातून निघालेली भेग वाकडीतिकडी होत पार समोरच्या कडेपर्यंत गेली, मध्ये तिला दोन फाटे फुटले. तिचे काठ खडबडीत, त्यामुळे जवळा चिरेत बसला असता त्याच्या दुप्पट भेगेत बसला. केरसुणीनं निघेना. वरून कपची उडून जवळ्यात येऊ लागली ती वेगळीच. सोसायटीनं काम ताब्यात घ्यायचं नाकारलं. सिमेंट परमिटवर मिळत असे. उखडून नवी लादी घालायची सोय नव्हती. कंत्राटदारानं मला बोलावून विचारलं, हे कसं झालं ते लिहून दे.

मी लिहून दिलं: सांधे पाडण्यात कारागिराची हयगय.

चार शब्द. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही. लिहिताना माझ्या मनात काशीराम नव्हताच, माझी नोकरी होती. आता कुणी विचारलं तर मी लाज वाटते म्हणून सांगतो. तेव्हा मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं.

काशीरामाला त्या कामावरून काढून देवनारला कुंपणाच्या भिंती बांधायला पाठवलं. त्याला अक्षरओळख नव्हती, पण ऑफिसातल्या कारकुनानं त्याला कागद वाचून दाखवला. तो माझ्यापाशी येऊन भांडला नाही. सुट्टीच्या दिवशी तो देवनारहून वेसाव्याला गेला आणि खळ्याच्या कडेला बसून राहिला. हे मला पुढे पुतळाबाईनंच सांगितलं. ती नारळाच्या हिरानं भेगेतला जवळा टोकरून काढत होती. त्याला बघून आधी तिनं त्याचा उद्धार केला.

"वाट लावलीस आमची! तुज्या हातानं घातलंस ना ह्ये?"

तो हीर मागून घेऊन तिच्या शेजारी बसला आणि भेग टोकरू लागला. बराच वेळ गेल्यावर तिला आपोआप आठवलं.

"तू बोललेला," ती म्हणाली. "आमीच नको बोललो. आन त्या सायबान तुला थांबवला. मंग तुला कामावरनं कशाला कारला?"

"कागदार तसा लिवलेला आसा."

पलीकडे वाळूत हरेश्वरची होडी दुरुस्तीला ओढलेली होती. हरेश्वर फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून वर राळ आणि तेलाचं मिश्रण भरत होता. काशीराम उठून तिकडे गेला आणि बघत उभा राहिला. मालवणच्या किनाऱ्यावर त्यानं हे लहानपणापासून पाहिलेलं होतं; पाहिलेलं होतं म्हणूनच कधी मनात आलं नव्हतं. फळी पाण्यात फुगते, उन्हात आकसते, म्हणून होडीला सांधा ठेवावाच लागतो, आणि सांधा ठेवला की तो बुजवावाही लागतो. पुतळाबाई मागून म्हणाली, "तुज्या रेघेन ह्येच भरलं तर?"

"बाये," काशीराम म्हणाला, "ह्यां माका आधी सुचाक होयां हुतां."

दुसऱ्या दिवशी बायका चेअरमनच्या दारात जाऊन बसल्या. गावाकडचा भाग चिरा पाडूनच होईल आणि तो मिस्तरीच करील, नाहीतर आम्हाला खळं नको. दोन महिन्यांपूर्वी ज्या रेघा नको म्हणत होत्या त्याच आता मागत होत्या, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. काशीरामाला देवनारहून परत आणावं लागलं.

शिमग्याच्या आधी गावाकडचा भाग झाला. दुपारी त्यानं अंगठा टेकवला आणि विडी टाकली. फळीला टेकवून चिरणी पुढे ढकलायची, मग तीच मागे ओढायची. ओलसर सिमेंट दोन्ही बाजूंना सारखं वर येई आणि पट्टीखाली दाबलं जाऊन काठ गोल होत जात. दर दहा फुटांवर एक, आडव्या आणि उभ्या. या वेळी तीस बायका गप्प उभ्या होत्या. चिरा वाळल्यावर हरेश्वरनं त्यात वात ठोकून राळ भरली. पुतळाबाईनं मूठभर जवळा टाकून झाडला. सगळा निघाला. तिनं काशीरामाकडे बघून नुसती मान हलवली.

संध्याकाळी हत्यारं धुताना तो माझ्याजवळ आला. "सायबानूं, एक काम करशात? तेवढो कागद बदला. हेड मिस्तरीचा आता ठरतला. माका खोली मिळाली तर मथुरा येतली."

"बदलतो," मी म्हणालो. त्या क्षणी मी ते मनापासून म्हणालो होतो.

मे महिन्यात हेड मिस्तरी ठरवायला कंत्राटदारानं आम्हा सुपरवायझरांना बसवलं. माझी नोकरी नुकतीच कायम झाली होती. काशीरामाचं नाव निघालं. कंत्राटदारानं फाईल उघडली, तो कागद वाचला आणि म्हणाला, "चांगला कारागीर आहे, पण हे आहे ना." मग माझ्याकडे बघितलं. पेन माझ्या खिशात होतं. कागद बदलला असता तर आधी मी खोटं लिहिलं होतं हे कबूल करावं लागलं असतं. मी बोललो नाही. ती जागा आणि ती खोली एका सुतळीवाल्या गवंड्याला मिळाली.

काशीराम त्यानंतरही सात वर्षं आमच्याकडे राबला. मुलुंडला, घाटकोपरला, जिथं पाठवलं तिथं. १९७१ साली एकदा चहा पिताना त्यानं सहज विचारलं, "त्या कागदाचा काय झाला?" मी म्हणालो, बघतो. तो हसला. "ऱ्हवांदे आता. चेडवांची लग्ना झाली." १९७४ साली सिमेंटनं त्याच्या बोटांची कातडी पार खाल्ली, अंगठ्याला काही कळेनासं झालं. अंगठ्याशिवाय चिरणी चालत नाही, म्हणून तो गावी गेला. चिरणी बरोबर नेली. तिथं घराघरात शेणानं सारवलेली जमीन. तिचा काय उपयोग, ते त्यालाच ठाऊक. मथुरेनं मुंबई पाहिली नाही ती नाहीच.

१९७८ साली मी दुसऱ्या कामानं वेसाव्याला गेलो होतो. पाय आपोआप खळ्याकडे वळले. दोन्ही भागांवर जवळा पसरलेला होता. एक तरणी बाई, पुतळाबाईची सून सुलक्षणा, पाटीत जवळा भरून विकत होती. ती मला ओळखत नव्हती.

"जवला पायजे? कनचा देऊ?"

"दोन प्रकारचा आहे?"

"जवला एकच," ती म्हणाली, आणि केरसुणीनं दर्याकडच्या भागाकडे दाखवलं. "त्यो सायबाचा. तितं भेग हाय, कपच्या निघतात, जवला कचकचतो. स्वस्त देते. आन ह्यो काशीरामाचा. ह्यात काय नाय."

"साहेबाचा म्हणजे कुणाचा?"

"होता कोन तरी. नाव नाय ठावं. सासू बोलते, त्यानं मिस्तरीला थांबवला." ती पाटी घेऊन उभी राहिली. "मंग, कनचा देऊ?"

"काशीरामाचा," मी म्हणालो.